अनिता जागा करून देते

टोकावड्याला एसटी थांब्यासमोर अनिताचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिच्याकडे फुटलेल्या काचांपेक्षा मेमरी भरलेले फोनच जास्त येतात. लोक फोन पुढे सरकवतात, जागा कर म्हणतात. अनिता विचारल्याशिवाय काही पुसत नाही. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून एकेक फोटो, एकेक व्हिडिओ बघते. मग कुणाच्या बारशाचा विषय निघतो, चहा येतो, दुकानात गर्दी साचते. तिचा नवरा शेखर यावरून कुरकुरतो आणि थोड्या वेळाने स्वतःच खोळंबलेल्यांशी गप्पा मारत बसतो.

म्हसा गावची जत्रा उठली त्या आठवड्यात धोंडीबाई आली. ती धवलारीण, म्हणजे लग्नात प्रत्येक विधीला गाणी म्हणणारी. अनिता-शेखरच्या लग्नातही तीच गायली होती. आता कडवी विसरायला लागली म्हणून आठवेल तेव्हा फोनमध्ये गाऊन ठेवायची. तो फोन भरला. जुनं पुसून टाक, असं मुलगा म्हणाला, तेव्हापासून ती त्याच्याशी धड बोलत नव्हती.

अनिताने पाहिलं तर सगळे व्हिडिओच. धोंडीबाई फोन चुलीपाशी उताणा ठेवून गायली होती. चित्रात नुसती काळपट कौलं, आवाज मात्र खणखणीत. जागा खात होती ती कौलं. अनिताने समजावलं, की चित्र काढून टाकू, आवाज तेवढा ठेवू, फोन बराच मोकळा होईल.

"आवाज बारीक नाय ना व्हनार गो?"

अनिताने एक गाणं तसं करून तिच्या कानाला लावलं. धोंडीबाई ऐकता ऐकता गुणगुणू लागली आणि तिने मान डोलावली.

चित्र काढून टाकण्याआधी अनिता प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत बघत होती. एकात कौलांच्या मध्ये अचानक एक म्हातारा चेहरा डोकावला. धोंडीबाईचे मालक भगीरथबाबा, गेल्या दिवाळीत वारलेले. डोळे बारीक करून ते फोनलाच विचारत होते, "चालू हाय का ह्यो?" गाणं मध्येच थांबलं, धोंडीबाईने त्यांना दटावलं, तसे ते हसत बाजूला झाले.

अनिताने फोन तिच्या हातात दिला. धोंडीबाईने ते पुन्हापुन्हा पाहिलं. पदराने काच पुसली.

"ह्यातली कौलं राहू दे गो," ती म्हणाली.

तो व्हिडिओ अनिताने होता तसाच ठेवला, एक प्रत आपल्या हार्ड डिस्कवरही घेतली. धोंडीबाईला तिथेच एक राहिलेलं कडवं आठवलं. अनिताने फोन तिच्या तोंडासमोर सरळ धरला. शेखरने रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज नको म्हणून शटर अर्धं खाली ओढलं.