चेअरमनबाईंचं मत

चेअरमनबाईंच्या तोंडी ‘माझं’ हा शब्द यायचाच नाही. स्वतःच्या गुडघ्याबद्दलही त्या म्हणायच्या, “आपला गुडघा लई ठणकतोय.”

बिडकीनजवळच्या आमच्या वस्तीतल्या तेरा बौद्ध कुटुंबांची सामुदायिक शेती होती. तिच्या सोसायटीच्या त्या चेअरमन. राबायचं सगळ्यांनी, पीक सगळ्यांना सारखं. मी शहरात अर्थशास्त्र शिकत होते. सुट्टीत आले की त्या खुरपता खुरपता विचारायच्या, “पुस्तकात आपल्याबद्दल काय लिवलंय गं?” मी समाजवाद, भांडवलशाही समजावून सांगायची. ऐकून म्हणायच्या, “पुस्तकातली माणसं कधी दमत नायत वाटतं.”

आमच्यातला सोपान दमला होता. थंडीत पिकाला पाणी द्यायला तोच जायचा. एकदा खळ्यावर बाजरी वाटताना तो म्हणाला, “काकू, मला जेवढं, तेवढंच काम टाळणाऱ्याला बी?”

बाईंनी आजारी गयाबाईकडे बोट दाखवलं. “मग हिनं काय खायचं?”

“तिला द्या की. मी टाळणाऱ्याचं बोलतोय.”

बाई पुढचं माप भरू लागल्या. घरी येताना मला म्हणाल्या, “खरं बोलला गं तो.”

पुढे शेजारी औद्योगिक वसाहत आली, जमिनीला गिऱ्हाइकं यायला लागली. सोपाननंच वाटणीचा ठराव मांडला. समाजमंदिरात सहा हात इकडे, सहा तिकडे. शेवटचं मत बाईंचं. सोसायटी वाचली, असं आम्ही धरूनच चाललो होतो. बाईंनी बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं.

“अर्ध्यांना बांधून ठिवलं, तर ते एकत्र कसं? वाटणी करा,” म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

सोपाननं जमीन विकून टेम्पो घेतला, त्याचं बरं चाललं. गयाबाई तुकडा विकून भावाकडे गेली आणि वर्षभरात वारली. बाई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटू लागल्या. “पगार येळेवर मिळतो, खोटं कशाला बोलू? पण शेजारी लाटणारी सोमवारपासून आली नाय, तर कुणी विचारलं बी नाय. आपणच तिच्या घरी जाऊन आलो.”

मी प्राध्यापक झाल्यावर एका उन्हाळ्यात आजारी बाईंनी अंथरुणावरूनच विचारलं, “पोरांना काय शिकवतीस?”

“फळ्यावर दोन रकाने काढते. दोन्ही व्यवस्थांचे गुणदोष.”

“मग सोपानला कुठल्या रकान्यात लिवतीस? आन् गयाला?”



त्याच उन्हाळ्यात बाई गेल्या. पुढचा खांदा सोपाननं दिला. वाटेत लोक खांदा बदलायला आले, पण तो कुणालाच जागा देईना.