देओलिंदाच्या लेकीची लघवी

तिला सगळे न्या देओलिंदा, म्हणजे देओलिंदाबाई, म्हणत, कारण नुसतं देओलिंदा म्हटलेलं तिला खपत नसे. आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावर ती पाला कुटायची. पाराग्वेच्या या आसुन्सियोन शहरात तेरेरे, म्हणजे पाल्याचं गार पाणी, प्यायल्याशिवाय कुणाची सकाळ होत नाही, आणि त्या गार पाण्यात कुणाला कुठला पाला घालायचा हे देओलिंदा ठरवायची. पोट बिघडलं तर पुदिना, लघवीला जळजळ तर घोडशेपटी. समोरच्या फुटपाथवर एलादियाचा हाच धंदा. तिच्याकडे गिऱ्हाईक जरा जास्त रेंगाळलं की देओलिंदाचा बत्ता जोरात आपटायचा. माझं घर दोघींच्या मध्ये, त्यामुळे कुणाचा धंदा बरा चाललाय हे मला आवाजावरूनच कळायचं.

त्या उन्हाळ्यात देओलिंदाची यानिना आणि एलादियाची लोरेना, दोघी थंडीतापाने पडल्या. जंतू मूत्रपिंडात शिरले होते. औषधाने ताप गेला, पण अशा तापानंतर मूत्रपिंडावर वण राहू शकतो, आणि तो दिसतो मोठ्या स्कॅनमध्ये. यंत्र एकच, पोरं ढीगभर. मूत्रपिंड दुखावलं की लघवीत काही प्रथिनं जास्त उतरतात, म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टर इन्साउरालदेबाई आधी लघवी तपासत. आमच्या वस्तीतल्या आयांच्या मंडळाने भांडून त्यांच्याकडून एवढं वदवून घेतलं होतं की हे शास्त्र अजून पक्कं नाही, फक्त आधी कुणाला घ्यायचं ते ठरवण्यापुरतं आहे.

लोरेनाचा आकडा वर आला, तिला स्कॅनची तारीख मिळाली. यानिनाचा खाली. तिला सांगितलं, थांबा.

देओलिंदा जळून कोळसा झाली. शेजारणीच्या पोरीचा आजार जास्त निघाला म्हणून जळणारी आई, असं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आधी त्या रांगेत उभं राहून दाखवावं.

"तिची पोर उड्या मारतेय," ती मला म्हणाली, "माझी लेक संध्याकाळ झाली की कंबर धरून बसते. आणि यंत्र कुणाला, तर लोरेनाला. एलादियाने डॉक्टरीणबाईला काहीतरी पाजलंय."

"काय पाजणार? पुदिना?"

ती तरातरा रस्ता ओलांडून गेली. मीही मागोमाग.

"काय गं एलादिया, आता लघवीलासुद्धा वशिला लागतो का?"

एलादियाने मान वर केली नाही. "तुझी लेक बरी निघाली ना? मेणबत्ती लाव देवळात, आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या वाटेतून हो बाजूला."

"बरी निघणारच. तुझ्यासारखी गढूळ बाटली नाही ठेवली मी डॉक्टरपुढे. पहाटेपासून घोडशेपटी पाजून पाजून नितळ करून नेली होती. पाहुण्यांकडे जाताना पोरीचं तोंड धुतो की नाही आपण?"

एलादियाचा बत्ता थांबला. मग ती अशी हसली की पलीकडचा चिपा नावाचे पाव विकणारा टोपली सोडून बघत राहिला. "अगं बये, धुऊनच नेलीस की. आता त्यात सापडणार काय, तुझं नाक?"

देओलिंदा परतली आणि जोरात बत्ता आपटू लागली. आपला पाला चुकला हे कबूल करायचं, आणि तेही एलादियाने दाखवलं म्हणून. कितीतरी दिवस ती दवाखान्याचं नाव काढेना. शेवटी माझंच डोकं फिरलं.

"तुझा तोरा त्या पोरीच्या कमरेत दुखतोय."

"एलादियाचं ऐकून जाऊ मी?"

"पोरीचं ऐकून जा."

आम्ही दवाखान्यात गेलो. घोडशेपटीचं ऐकून डॉक्टर इन्साउरालदे तिच्यावर चिडल्या, मग मी त्यांच्यावर चिडले. "या शहरात लघवी तपासायची म्हटली की आई आधी पाला पाजणार. हे तुम्ही नाही विचारायचं तर कुणी विचारायचं?"

"विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या, आणि सकाळची पहिली लघवी आणायला सांगितली. पाला नाही, उगाच पाणी पाजणं नाही; लघवी पातळ झाली की आकडा खोटाच खाली येतो.

या खेपेला आकडा वर आला.

"लोरेनापेक्षा वर?" देओलिंदाने विचारलं.

"बराच."

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिला. मग आपण कशात जिंकलो ते तिला उमगलं, आणि ती भिंतीला पाठ घासत खाली फरशीवर बसली.  तिथूनच तिने स्कॅनची तारीख विचारली.

"लोरेनाच्याच दिवशी."

"म्हणजे त्या बयेबरोबर एकाच बसने जायचं," देओलिंदा म्हणाली, आणि तिने झग्याच्या टोकाने डोळे पुसले. "खिडकीची जागा यानिनाला हवी. आत्ताच सांगून ठेवते."