कासविणीची चाहूल

सुरतेतल्या कतारगामच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, तो महिनाभर रोज भेटायचा. मी मुद्दामच त्याचं नाव विचारलं नाही. आमच्याच परभणीकडचा रंगारी. खंभातच्या आखातातल्या एका निर्मनुष्य बेटावरचं दीपगृह रंगवून आला होता.

पहिल्या दिवसापासून मला तो खुपला, कारण तो हळू बोलायचा. इथे लूमवर काम करणारे आम्ही सगळे, मी काय नि माझी बायको काय, ओरडतो. लूमच्या खात्यातल्या खडखडाटाची सवय घरीही सुटत नाही. हा मात्र चहा बशीत ओतायचा आणि बशीलाच काही सांगावं तसं बोलायचा. आम्ही ओरडणं थांबवून त्याच्याकडे वाकायचो.

बेटावर कुणा राजाचा पडका तट होता म्हणे. तिथून राजा गलबतांकडून जकात वसूल करायचा. आता राजा नाही, गलबतं नाहीत. नुसते पक्षी, आणि थंडीत अंडी घालायला येणारी कासवं.

"रात्री कासवीण वाळू उकरायची ना," तो म्हणाला, "ते मला वर तटावर झोपल्या जागी ऐकू यायचं."

राजाच्या जकातीचं मला काही वाटलं नाही. पण त्याच्या त्या कानांवर मी जळलो. मला शेजारी निजलेल्या बायकोच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत नाहीत!

"थापा मारतो लेकाचा," मी लारीवाल्याला म्हणालो, तेही ओरडूनच.

त्या संध्याकाळी घरी मी आवाज उतरवला आणि त्याच्यासारखं हळूच बायकोला म्हणालो, "बस जरा जवळ."

ती हाताच्या अंतरावर होती, तरी ओरडली, "नुसते ओठ काय हलवताय? मोठ्यानं बोला की!"