उतरायला न शिकलेला पोस्टमन

काशीराम पोस्टमन वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकला, तेही बायकोकडून. तिला स्वतःला सायकल येत नव्हती.

पनवेलहून विचुंबे आणि पुढच्या वाड्यांपर्यंत त्यानं सतरा वर्षं पायी टपाल वाटलं होतं. त्रेपन्न सालच्या दिवाळीनंतर त्याला सायकल मिळाली. भर बाजारात पडायची लाज, म्हणून बायकोनं, कमळाबाईनं, वाट काढली. तिच्या भावाचं खळं गावाबाहेर होतं, झोडणी उरकून रिकामं. रोज उजाडता उजाडता दोघं तिथं जात. तो पायडल मारी, ती काष्टा आवळून, कॅरिअर धरून मागे पळे. गुडघे सोलले, एक कोपर सुजलं, एकदा ब्रेक दाबल्यावर तो हँडलवरून पुढे जाऊन पडला. नवव्या दिवशी मात्र काशीराम खळ्यात एकटा फेऱ्या घालू लागला. थांबायचं झालं की पेंढ्याच्या ढिगाला सायकल टेकवी. दोघांनाही वाटलं, असंच उतरतात.

सोमवारी तो विचुंब्यापर्यंत झकास आला. देवळाच्या पारापाशी भामा नेहमीसारखी वाट बघत उभी होती. तिची लेक मालू चिरनेरला सासरी, दिवस भरलेली. कार्ड पिशवीत होतं, पण आसपास पेंढा कुठंच नव्हता. काशीरामनं देवळाला वळसा घातला.

"भामाय, तुजं कारड हाय," जाता जाता त्यानं सांगितलं. दुसऱ्या फेरीला चिरनेरचं असल्याचंही सांगून झालं.

तिसऱ्या फेरीला भामानं विचारलं, "मंग उतरत का नाय?"

"उतरता नाय येत."

भामा हसली नाही. जन्मभर मिठाच्या पाट्या वाहिलेली बाई. तिनं समोर येऊन दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि वेसण धरल्यागत सायकल जागच्या जागी थांबली. काशीराम खाली उतरला आणि त्यानं कार्ड वाचलं. मालूला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. भामा पारावर टेकली आणि तिनं त्याला पुन्हा वाचायला लावलं. त्यानं तीनदा वाचलं.

पुढे एका दूधवाल्यानं त्याला उतरायला शिकवलं. फेरी दुपारच्या आत संपू लागली. पण दारोदारी होणारं बोलणं तुटलं; कोण आजारी, कुणाची म्हैस व्याली, काही कळेनासं झालं. एकदा म्हातारा बुधाजी ओटीवरून म्हणाला, "काशीराम, हल्ली तू येतस आनि जातस. दिसत नायस."

ते त्याच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो वेशीवर उतरे आणि सायकल हातात धरून गावातनं चालत जाई. परतायला उशीर होई. पोस्टमास्तरांनी विचारलं तेव्हा रस्ता खराब आहे म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं. कमळाबाईनं मात्र भात तासभर उशिरा चढवायला सुरुवात केली. पेन्शनीत निघेपर्यंत, चौदा वर्षं, हे असंच चाललं.