बहिरूभाऊ काहीच पुसत नसत

बहिरूभाऊ काकड यांना मी खरं म्हणजे ओळखत नव्हतो. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा आणि गुलछडीचा मळा होता. सकाळी फूलबाजारात माल टाकून परत जाताना ते आमच्या बागेतल्या देवळात फुलांची पुडी ठेवत आणि मग घटकाभर कट्ट्यावर आमच्यात बसत, एवढंच मला माहीत. घरी कोण कोण आहे, किती शिकलात, तब्येत कशी, यातलं मी त्यांना कधी काही विचारलं नाही. मी कुणालाच फारसं विचारत नाही. तरी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या दिवाळी अंकात त्यांच्यावर मीच लिहावं असं ठरलं. भिमाजी थेटे म्हणाले, "नानांना द्या. त्यांचं शुद्ध असतं."

शुद्ध असतं हे खरं. फार थोडं असतं हेही खरं.

आमच्या कट्ट्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर रोज जे मराठी येतं ते वाचून माझं डोकं उठतं. 'हार्दीक शुभेच्छा', 'आशिर्वाद', 'उज्वल भविष्य'. संघाच्या बॅनरवर दोन वर्षं 'जेष्ठ नागरीक' असं होतं आणि त्याखाली आम्ही सगळे ज्येष्ठ हसत उभे राहून फोटो काढून घेत होतो. मी अंबडला कारखान्यात स्टोअरमध्ये होतो. तिथे मागणीत एक अक्षर चुकलं की भलताच पार्ट यायचा आणि मशीन बंद. त्यामुळे लिहिलेलं पुन्हा पुन्हा तपासायची सवय लागली, ती निवृत्त झाल्यावरही गेली नाही.

पण कारखान्यात पाठवण्याआधी तपासत होतो. फोनवर उलटं होतं. पाठवल्यावर चूक दिसते. दिसली की मी मेसेज डिलीट करतो. दुरुस्त करता येतो, हे स्नेहलने, माझ्या मुलीने, शिकवलं आहे. पण मग त्याखाली तसं लिहून येतं, नव्या धोतराला ठिगळ लावल्यासारखं. त्यापेक्षा नकोच. म्हणून ग्रुपवर माझ्या नावापुढे बहुतेक वेळा 'हा मेसेज डिलीट करण्यात आला' एवढंच दिसतं. भिमाजी मला डिलीटनाना म्हणतात.

बहिरूभाऊ काहीच डिलीट करत नसत. मळ्यात सरीच्या कडेने चालता चालता एका अंगठ्याने लिहायचे, पाठवायचे, फोन खिशात आणि पाटी पुन्हा डोक्यावर. कुणाचा वाढदिवस असला की त्या माणसावर त्यांच्या चार ओळी ठरलेल्या. आमच्या कट्ट्यावरच्या रंगूबाईंच्या वाढदिवसाला त्यांनी लिहिलं होतं ते जसंच्या तसं देतो. हात शिवशिवतो आहे, पण देतो.

"रंगुताईनां वाढदीवसाच्या हार्दीक शुभेच्छा ताई माझ्या कडुन ईतके वर्ष फुलं घेतात पन कधि एक फुल जास्त मागीतलं नाहि आनी मि जास्त दिल्या शिवाय कधि राहीलो नाहि"

पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. आणि खाली हात जोडलेली, डोळे पुसणारी चित्रं किती यावीत! रंगूबाईंनी तर तो मेसेज सुनेकडून मोठ्या अक्षरात छापून घेतला आणि फ्रिजवर चिकटवला. चुकांसकट.

माझी बायको सिंधू त्या ओळी मला मोठ्याने वाचून दाखवायची.

"काय लिहितात हो बहिरूभाऊ!"

"हार्दिकची दि पहिली असते," मी म्हणालो.

"तुम्हाला तेवढंच दिसलं?"

मला सगळं दिसलं होतं. तेच तर दुखत होतं. रंगूबाई कधी जास्त मागत नाहीत हे मीही इतकी वर्षं पाहत होतो. मला ते लिहायचं का सुचलं नाही? आणि सुचलं असतं तर मी ते ग्रुपवर किती वेळ राहू दिलं असतं?

हेवा म्हणजे काय हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. कारखान्यात माझ्यामागून आलेले लोक साहेब झाले, तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. पण सकाळी चहा घेताना सिंधू फोन हातात घेऊन हसायला लागली, की कपातला चहा कडू व्हायचा. मी मनातल्या मनात त्यांच्या चुकांवर लाल खुणा करत बसायचो आणि त्या खुणांनी मला जरासुद्धा बरं वाटायचं नाही.

सिंधूची सत्तरी जवळ आली. एका दुपारी ती फोनवर स्नेहलशी बोलत होती. "अगं, साडी नको मला. मला एवढीच उत्सुकता आहे, की बहिरूभाऊ माझ्यावर काय लिहितात."

मी आतल्या खोलीत होतो. म्हटलं, बास. या बाईबरोबर संसार मी केला. तिच्यावर लिहायचं तर मी लिहीन, आणि त्यांच्या आधी लिहीन.

आठवडाभर खपलो. 'माझी सुविद्य पत्नी' असं सुरू केलं आणि खोडलं. 'कर्तव्यदक्ष' लिहिलं, तेही खोडलं. ते सगळं निरोपसमारंभातल्या मानपत्रासारखं वाटत होतं. शेवटी लिहिलं ते असं. मी रात्रपाळी करून सकाळी येऊन झोपायचो. घर दोन खोल्यांचं. माझी झोप मोडू नये म्हणून सिंधू रात्रपाळीच्या आठवड्यात कुकर लावत नसे. डाळ पातेल्यात शिजवायची, तासभर शेगडीपाशी उभी राहून. मी तिला याबद्दल कधी काही म्हणालो नाही. तिला वाटत असेल मला माहीतच नाही. मी जागा असायचो. पातेल्यावरचं झाकण ती बोटाने धरून ठेवायची, वाजू नये म्हणून, हेही मी पाहिलं आहे.

वाढदिवसाच्या सकाळी सिंधू देवपूजेला बसली होती, तिचा फोन कपाटावर होता. मी ते ग्रुपवर टाकलं. आणि मग वाचलं. शेवटी, अगदी शेवटी, मी लिहिलं होतं 'हार्दीक शुभेच्छा'.

मी! पुढचं काही आठवत नाही. अंगठा आपोआप गेला आणि मेसेज डिलीट झाला.

लगेच भिमाजींचं आलं, "डिलीटनाना जागे झाले. सिंधूवहिनी, आता दिवस चांगला जाणार!" मग सगळ्यांचे केक, फुगे, गुलाब. पूजा आटोपून सिंधू फोन घेऊन बसली आणि बहिरूभाऊंची वाट पाहू लागली. त्यांचं आलं उशिरा. "सिंधुताईनां वाढदीवसाच्या हार्दीक शुभेच्छा". संपलं. पुढे काहीच नाही.

"एवढंच?" सिंधू म्हणाली. तिने फोन पालथा ठेवला आणि भाजी निवडायला घेतली.

मला आनंद झाला, हे लपवून काय करू? बराच वेळ टिकला तो.

संध्याकाळी बहिरूभाऊ गुलछडीच्या काड्या घेऊन फाटकाशी आले. मीच बाहेर गेलो. त्यांनी आवाज खाली घेतला.

"नाना, तुमचं वाचलं मी."

"कुठलं?"

"ते डाळीचं. मोटर चालू करायला गेलतो, फोन हातातच व्हता. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचाया गेलो तर गायब. काहून पुसलं हो?"

"चूक होती त्यात."

"कोनती? मला तर नाय दिसली."

ती चूक 'हार्दीक'ची. त्यांच्याच ओळीतली होती ती.

"मी पन ताईंवर लिहून ठेवलं व्हतं," ते म्हणाले. "पन तुमचं वाचल्यावर म्हटलं, आपलं लय हलकं हाय. आज आपण गप बसू. तुम्ही परत टाकाल असं वाटलं मला. दिवसभर बघत व्हतो."

तेवढ्यात सिंधू ओट्यावर आली. "काय हो बहिरूभाऊ, रंगूताईंना चार ओळी आणि मला एकच? आमचं फूल कमी पडलं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाटकाच्या कडीकडे पाहिलं.

"काय करू ताई, चार्जिंगच संपली," ते म्हणाले. "तुमची उधारी राहिली माझ्याकडं." आणि फुलं तिच्या हातात दिली. ती हसली. गप्प बसूनही माझ्या बायकोला हसवून गेले! त्या संध्याकाळी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. माझ्यासाठी त्यांनी जागा सोडली होती आणि ती मी भरू शकलो नव्हतो. घरात रात्री गुलछडीचा वास भरून राहिला, तोही त्यांचाच.

त्यानंतर श्रावणात एका सकाळी ते मळ्यातच वारले. ग्रुपवर दिवसभर मेसेज येत होते. 'भावपुर्ण श्रध्दांजली', 'भावपुर्ण श्रध्दांजली'. पण त्यांच्या मधूनमधून लोकांनी आपापल्या आठवणी लिहिल्या होत्या, वेड्यावाकड्या, त्यांच्यासारख्याच. तेव्हाही माझ्या मनात आलं, की माझ्यावर कुणी काय लिहील? मी डिलीट केलेलं कुणाला आठवेल? त्यांना आठवलं असतं बहुतेक. वाचलेलं ते एकटेच.

सिंधूला डाळीचं अजून माहीत नाही. समोर बसून सांगायला गेलो की शब्द अडतात, आणि ग्रुपवर पुन्हा टाकायचा धीर झाला नाही. अंक छापून आला की ती पहिल्यांदा हाच लेख उघडेल, कारण तो बहिरूभाऊंवर आहे. छापलेलं मागे घेता येत नाही, हे मी छापखान्यात विचारून घेतलं आहे.

आमची शेवटची भेट देवळापाशी झाली, ते जायच्या दोन-चार दिवस आधी. ते मोपेडला किक मारत होते, मी बागेत शिरत होतो.

"काय नाना, टाकलं का परत, ते डाळीचं?"

"नाही अजून. तपासतोय."

"तपासा, तपासा. मी निघतो. तिकडं मोटर चालूच ठिवून आलोय."

"हो, या."