आई पुढची चाल आधी गुणगुणायची

कोपऱ्यावर कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मी ते चपलेने बाजूला सारते आणि पुढे जाते. या सदरातले अनुभव आजवर मी चहाबरोबर, करमणूक म्हणून वाचत आले. त्यामुळे इथे लिहायची वेळ माझ्यावर आलीय याची थोडी लाजच वाटतेय... पण दीड वर्ष झालं, हे कुणाला धड सांगता आलेलं नाही.

मी मृणाल, वय छत्तीस. ठाकुर्ली पूर्वेला, नव्वद फुटी रोडवरून आत वळलं की तिसऱ्या मजल्यावर आमचा वन बीएचके. बाबा गेल्यापासून मी आणि आई, दोघीच. माझं ऑफिस ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये.

मला नवीन म्युझिक शोधायचं वेड आहे. वेड म्हणजे अक्षरशः. दर शुक्रवारी नवीन अल्बम येतात, त्या दिवशी मी लंच टाइममध्ये जेवत नाही. चिलीमधला कुठला तरी संथ, जड वाजवणारा डूम मेटल बँड, इंडोनेशियातला एकटाच बसून टेक्नो करणारा पोरगा, फिनलंडमधली कुणी बाई जी बर्फ तडकल्याचे आवाज रेकॉर्ड करते – एका बँडचा बेसिस्ट अजून कुठे वाजवतो ते बघायचं, तिथून पुढच्या बँडवर जायचं, असं करत करत मी जिथे पोचते तिथे माझ्याआधी जेमतेम दहा जण आलेले असतात. आईला यातलं काहीही आवडायचं नाही. मेटल लावलं की म्हणायची, “अगं, त्या माणसाला कुणी तरी पाणी द्या.”

मग तिला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले की तिला सगळं समजतं, शब्द आत आहेत, फक्त बाहेर येत नाहीत. बाहेर यायचा तो एकच – “हे”. चहा म्हणजे हे, बाथरूम म्हणजे हे, मी म्हणजे पण हे. दिवसातून चाळीस वेळा ती काहीतरी सांगायचा प्रयत्न करायची आणि शेवटी डोळे मिटून घ्यायची. समोर बसून ते बघत राहण्यापलीकडे मला काही करता यायचं नाही.

ठाण्याच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं की बोलता न येणारी माणसं कधी कधी गाऊ शकतात, ओळखीची गाणी लावा. मी तिची सगळी भजनं लावली. माहेरच्या, देवगडकडच्या आरत्या लावल्या. ती नुसती ऐकायची.

घरून काम सुरू झाल्यावर मी हेडफोन लावणं बंद केलं – तिने हाक मारली तर ऐकू यायला हवं. त्यामुळे माझं म्युझिक स्पीकरवर आलं. असाच एक शुक्रवार होता, दुपारचे दोन-अडीच झाले असतील. त्याच सकाळी आलेला एक अल्बम लावलेला – इलेक्ट्रॉनिक, अगदी संथ. पहिली सहा-सात मिनिटं नुसता एक सूर धरून ठेवलेला, चाल अशी नाहीच. आणि पलंगावरून आई गुणगुणली. चार सूर, स्पष्ट. स्ट्रोकनंतर ‘हे’ सोडून पहिल्यांदाच तिच्या गळ्यातून काही आलेलं. मी कामाचा कॉल अर्धा सोडून तिच्याकडे गेले.

मी तिच्याजवळ पोचले आणि साधारण अर्ध्या मिनिटाने तेच चार सूर स्पीकरमधून आले.

योगायोग, असंच कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. दुसऱ्या दिवशी एक डूम मेटलचा डेमो लावला, मीही आधी न ऐकलेला. तिने पुढची रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची ओळ, गुणगुणली, मग गिटारने ती वाजवली. एक टेक्नो ट्रॅक लावला ज्यात चालच नव्हती – तर तिने डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर एक ठेका धरला, आणि वीसेक सेकंदांनी तोच ठेका आला. मी आधी ऐकलेलं काही लावलं तर मात्र ती गप्प. आम्हा दोघींनाही नवीन असेल तरच. आणि गुणगुणताना ती माझ्याकडे बघायची नाही. समोरच्या भिंतीकडे बघायची, जणू तिकडून कुणीतरी तिला सांगतंय.

थेरपिस्ट बाईंना व्हिडिओ दाखवला. त्या चांगल्या होत्या, हसल्या नाहीत. म्हणाल्या, संगीत ठरावीक वळणांनी जातं, मेंदू पुढचा अंदाज बांधतो. मग हळूच विचारलं, तुम्ही स्वतः झोपता ना नीट?

मला ते पटलं असतं. पण प्रसादचं झालं.

प्रसाद माझा कॉलेजचा मित्र, शीळफाट्याजवळच्या गावातला, आगरी. घराच्या खालच्या खोलीला अंड्यांचे ट्रे ठोकून त्याने प्रॅक्टिस रूम केलीय. तिथे त्याचा मेटल बँड वाजवतो. एका रविवारी सकाळी तो आईला भेटायला आला आणि मला त्यांचं नवीन गाणं फोनवर ऐकवलं. गाणं अर्धंच होतं, दोन मिनिटांवर अडकलेलं. गिटारिस्ट नोकरीसाठी पुण्याला गेलेला, त्याला पुढचं सुचत नव्हतं.

गाणं थांबलं. आई थांबली नाही. ती जवळजवळ मिनिटभर पुढे गुणगुणत राहिली. प्रसादने कसाबसा दुसरा फोन काढून ते रेकॉर्ड केलं आणि तिच्या पायाशी बसून म्हणाला, “मावशी, परत म्हना ना.” ती त्याच्याकडे बघून “हे” म्हणाली. बस.

आठवड्याभराने त्याचा फोन आला. गिटारिस्टने उरलेला भाग पाठवलेला. प्रसादने विचारलं, तू त्याला काही पाठवलंस का? मी त्या मुलाला एकदाही भेटलेले नव्हते, नंबरही नव्हता. प्रसादने दोन्ही एकामागोमाग एक ऐकवलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच. गिटारिस्टला ते आदल्या रात्री सुचलेलं – म्हणजे आईनंतर सहा दिवसांनी.

“हे मानसाचं काम नाय, मृणाल,” प्रसाद म्हणाला. ते गाणं त्यांनी कधीच वाजवलं नाही. तोही नंतर बरेच दिवस आला नाही.

आता मी जे केलं ते सांगते. मला भीती वाटायला हवी होती; मला हाव सुटली. मला वाटलं, एवढं बाहेर येतंय तर त्याच वाटेने एखादा शब्दही येईल. मी रोज दोन-दोन तास नवं काहीतरी शोधून लावायला लागले. ब्लॅक मेटल, एकच सूर लांबवत नेणारं ड्रोन म्युझिक, आफ्रिकेतलं डान्स म्युझिक, जे मिळेल ते. ती गुणगुणायची आणि मी मध्येच थांबवून विचारायचे, “आई, माझं नाव काय? मृ... म्हण, मृ...” ती ओठ हलवायची. “हे.” परत लावायचं, परत विचारायचं. जगात कुठे तरी बसलेल्या अनोळखी माणसांच्या चाली तिच्यातून येत होत्या. तिचं स्वतःचं काही येत नव्हतं. एका दुपारी ती माझा हात ढकलून रडली, आवाज न करता. मी स्पीकर बंद केला. त्यानंतर लावलाच नाही.

पुढे काही दिवसांनी, दुपारची लाइट गेलेली. घरात पंखासुद्धा नाही. मी तिच्या केसांना तेल लावत होते. आणि ती गुणगुणायला लागली. काहीही चालू नसताना. तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलेलं आणि या वेळी ती भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होती. मला फोन सापडेपर्यंत अर्धं झालेलं. एक्केचाळीस सेकंद मिळाले. संपल्यावर तिने भुवया उंचावल्या, म्हणजे – कळलं का?

मी म्हटलं, “हो आई.” मला काही कळलं नव्हतं.

अकरा दिवसांनी दुसरा स्ट्रोक आला. आणि ती गेली.

ते एक्केचाळीस सेकंद माझ्याकडे आहेत. गाणी ओळखणाऱ्या ॲपना ऐकवलं, भजनं म्हणणाऱ्या मामींना ऐकवलं, प्रसादने गिटारवर बसवून त्याच्या ओळखीच्या सगळ्या वाजवणाऱ्यांना पाठवलं. कुणाचंच नाही. अजून मी दर शुक्रवारी बसते. पूर्वी नवीन काय आलंय ते बघायचे, आता फक्त ती चाल शोधते. प्रत्येक ट्रॅक शेवटपर्यंत ऐकते.

ती कुणाची तरी अजून न झालेली चाल होती, की आईला मला जे सांगायचं होतं ते होतं – मला माहीत नाही. पहिलं असेल तर कधीतरी ती मला कुठल्या तरी अल्बममध्ये सापडेल. दर शुक्रवारी शोधते, आणि सापडू नये असंच वाटतं.