आठवड्याला एक शिवी

सिदरामअण्णा दर शनिवारी वाचनालयात एक शिवी घेऊन यायचे. मी तिथला कारकून. समोर बसून ते वही उघडायचे, एका शब्दावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "हुडका." मग मी जाडजूड इंग्रजी कोश काढायचो. सोलापूरच्या गिरणीत गोरा साहेब अकरा वर्षं त्यांना जे जे म्हणाला, ते सगळं त्यांनी देवनागरीत उतरवून ठेवलं होतं. अर्थ विचारायला सवड मिळाली ती निवृत्त झाल्यावर.

'ब्लायमी' म्हणजे देव माझे डोळे फोडो, असं मी वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, "धागा तुटला की डोळं ह्याचं फुटायचं, अन् लाथ मातुर आमाला." 'गिट' म्हणजे कुणाचं तरी नको असलेलं कार्टं. अण्णांचा आवाज चढला. "कुणाचं तरी न्हाय. रामलिंगचं पोरगं हाय मी. लिवा तितं." 'ब्लाइटर' सांगताना मात्र माझी जीभ अडखळली. तो शब्द पिकावरच्या करप्यावरून आलेला, आणि अण्णा शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी वही मिटली. "रोज ह्योच हुता," एवढंच म्हणाले.

आणीबाणी उठली त्या वर्षी तो साहेब जुनी गिरणी बघायला आला. सगळ्यांत जुना जॉबर, म्हणजे खात्यावरचा मुकादम, म्हणून मॅनेजरने त्याला हार घालायला अण्णांना बोलावलं. "मला एकच इचारायचंय, तुमी इंग्रजीत सांगा," म्हणून अण्णांनी मला बरोबर नेलं. फाटकावर नव्या पहारेकऱ्याने त्यांचं नाव विचारून लिहून घेतलं.

हार हातात धरूनच अण्णा म्हणाले, "सायबाला इचारा, माजं नाव काय?"

मी विचारलं. साहेब हसला, अण्णांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "ओल्ड ब्लाइटर!" मॅनेजरने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला आजही संताप येतो. अर्थ मला ठाऊक होता, इंग्रजी येत होतं, आणि मी मुकाट उभा राहिलो, याचा त्याहून जास्त येतो.

अण्णांनी हार तबकात परत ठेवला आणि चालू लागले. मॅनेजर मागून ओरडत राहिला. फाटकावर पहारेकरी म्हणाला, "काय सिदरामअण्णा, निघाला पन?"

अण्णा थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा. ह्यानं एकदाच इचारलं हुतं."